मधली पट्टी

८ जानेवारी

प्रिय दादा,

पत्र लिहितेय कारण फोन आता जमत नाही. घरातला फोन मी काढूनच टाकला आणि माझा मोबाइल दिवसभर मुका ठेवते. घंटी वाजली की नाना उठून बसतात, आईचा फोन आहे म्हणतात आणि कुणी तो त्यांच्या हातात दिला नाही की आदळआपट करतात. आई गेल्याचं मी पूर्वी सांगायचे. सांगितलं की ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडायचे. तासाभरानं पुन्हा विचारायचे. आता सांगत नाही.

मला ते कधी आत्या समजतात, कधी खोली भाड्यानं बघायला आलेली बाई. परवा म्हणाले, "बाई, भिंतींना ओल आहे, आधीच सांगतो." मला हसू आलं आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. गॅसची कळ मी आता काढून खिशात ठेवते. जन्मभर दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त केले, आणि आता चमचा कुठल्या बाजूनं धरायचा ते मला विचारतात.

ह्यांचं म्हणणं, म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवू. तिथे एक खाट रिकामी झालीय आणि महिनाअखेरपर्यंत कळवा म्हणतात. ह्यांच्यावर रागवू नकोस, चादरी तेही धुतात. माझी शिलाईची कामं तुंबलीत, पाठ गेलीय, पण तो प्रश्न नाही. नानांना तिथे सोडून दार ओढून घेताना ते मला काय म्हणतील, त्या विचारानं मला झोप येत नाही. आणि घरी ठेवलं तर एक दिवस माझ्या हातून त्यांना चापट बसेल, ह्याचीही भीती वाटते.

तू सांगशील तसं करीन. आपल्या घरात शेवटचा शब्द तुझाच असतो.

तुझी,
चिमी

१५ जानेवारी

चिमे,

संस्था नाही. हा विषय इथेच संपला असं समज.

आता नीट वाच, घाईनं वाचू नकोस. मी इथे प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात काय करतो ते तुम्ही कुणी कधी विचारलं नाहीत. 'उंदीर सांभाळतो' एवढंच लोकांना सांगत आलात. उंदीर सांभाळायला कुणीही चालतो. मी दहावी झालेला माणूस, पण इथली नियतकालिकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलीत, आणि इथलं संशोधन चालवणाऱ्या मॅडमच्या हाताखाली येणारी पोरं पदव्या घेऊन आली तरी उंदीर कसा धरायचा ते माझ्याकडून शिकतात.

सध्या काम चाललंय ते निकोटिनचं. सिगारेट नव्हे, धूर नव्हे. नुसतं निकोटिन, पिण्याच्या पाण्यात, कडवट लागू नये म्हणून किंचित गोडी घालून. दोन वंशांचे उंदीर आहेत, काळे आणि तपकिरी. प्रत्येकात कोवळे वेगळे, म्हातारे वेगळे. निकोटिन एकच आणि परिणाम चार तऱ्हेचे, हीच तर गंमत. कोवळ्यांना लावलं तर मोठेपणी साधं पाणी समोर असूनही ते कडू बाटलीकडेच जातात. जून झाल्यावर लावलं तर तसे मागे लागत नाहीत.

आणि म्हातारे. इथे एक गोल हौद आहे, त्यात पांढुरकं केलेलं पाणी, आणि पाण्याखाली न दिसणारा एक चौथरा. उंदराला पोहत पोहत तो शोधायचा असतो. जवान उंदीर थोड्या दिवसांत जागा लक्षात ठेवतो. म्हातारा कडेकडेनं फिरत राहतो, दमेपर्यंत. पण म्हाताऱ्या काळ्यांना हे पाणी सुरू केलं आणि ते सरळ चौथऱ्यावर जाऊन बसू लागले. मी स्वतः पाहिलं. म्हाताऱ्या तपकिऱ्यांना मात्र फायदा शून्य, उलट अंगाला कापरं.

आपण काळ्यांतले. नानांनी चाळीस वर्षं सिगारेट ओढली, कधी हात थरथरला? रत्तीभराचं वजन चिमट्यानं ठेवायचे. आईनं सोडायला लावली आणि माणूस मंदावत गेला, तुम्ही ते वयावर ढकललंत.

औषधाच्या दुकानात सिगारेट सोडणाऱ्यांसाठी निकोटिनच्या पट्ट्या मिळतात, दंडाला चिकटवायच्या. लहान, मधली आणि मोठी. नानांना फक्त लहान लाव. सकाळी, कोरड्या आणि केस नसलेल्या कातडीवर, रोज जागा बदलून. झोपताना काढायची. अंगाला सवय व्हावी लागते, आम्हीही म्हाताऱ्या उंदरांना पायरीपायरीनंच चढवतो. मधलीवर कधी जायचं ते मी कळवीन, तोवर नाही.

डॉक्टरांना विचारावंसं वाटेल. जरूर विचार. त्यांनी आयुष्यात एक म्हातारा उंदीर पोहताना पाहिलाय का, तेही विचार.

मी स्वतः ही पट्टी दिवाणावर बसल्या बसल्या गंमत म्हणून लावून पाहिली आणि तेव्हापासून लावतोच. काही विसरतो म्हणून नव्हे. डोकं लख्ख राहतं एवढंच.

दादा

२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

संस्थेला 'नाही' असं कळवलं. तू सांगितल्याच्या दुसऱ्याच दिवशी.

डॉक्टरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते आणि मग मला तुझ्यात नि त्यांच्यात निवड करावी लागली असती. ती मी आधीच केलेली आहे, मग विचारून कशाला.

पहिले काही दिवस काहीच नाही. नुसती दंडाला खाज, आणि झोपेत बडबड. मग एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर नाना माझ्याकडे टक लावून बघत होते. म्हणाले, "चिमे, तू एवढी म्हातारी कधी झालीस?" दादा, कुणी असं म्हणाल्यावर कुठल्या बाईला आनंद झाला असेल? मी ह्यांना हाका मारून बोलावलं आणि नानांना पुन्हा म्हणायला लावलं.

त्यानंतर रोज थोडं थोडं. शर्टाची बटणं स्वतः लावली. माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा पुढे दाखवतो म्हणाले, उघडला, आत साचलेलं पीठ फुंकून काढलं आणि बसवला. आता बरोबर आहे. तुझी आठवण काढली. म्हणाले, तो मापात चुकायचा नाही, लहानपणीसुद्धा, बाकी माणूस म्हणून कसा का असेना. तुला हे सांगावं की नाही, मी विचार करत होते. पण ते हसत म्हणाले, म्हणून सांगितलं.

आता दुसरी गोष्ट. त्यांनी आईबद्दल विचारलं आणि मी नेहमीसारखी टोलवाटोलवी केली. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, खरं सांग. सांगितलं. रडले. पण दादा, दुसऱ्या दिवशी ते त्यांच्या लक्षात होतं, तिसऱ्या दिवशीही. आता विचारत नाहीत. खिडकीशी बसून असतात. संध्याकाळी म्हणाले, "माझं काय होतंय ते मला कळतंय गं. पूर्वी कळत नव्हतं ते बरं होतं."

तुझ्या त्या चौथऱ्यावर चढून बसलेल्या उंदराला काय वाटतं, हे कुणी बघतं का?

आणि एक विचारू? आपण काळ्यांतले हे तू कशावरून ठरवलंस? हात थरथरत नव्हता एवढ्यावरून? मी आपली शिंपीण, मला कळत नाही म्हणून विचारते. तू म्हणतोस तर असू.

चिमी

२८ फेब्रुवारी

चिमे,

उत्तराला उशीर झाला. इथे डोक्याला ताप आहे. कोवळ्या तपकिऱ्यांच्या खणात काहींना झटके आले. एकामागोमाग पाठ ताणून पडले आणि निम्म्याहून जास्त गेले. उचलून ठेवताना हाताला गरम लागत होते. मॅडम मला पुन्हा पुन्हा विचारतात, बाटल्या कुणी भरल्या, बाटल्या कुणी लावल्या. मीच भरल्या, मीच लावल्या, चोवीस वर्षं मीच लावतोय. म्हाताऱ्यांचं पाणी कडक असतं, पायरीपायरीनं वाढवलेलं. कोवळ्यांचं अगदी सौम्य. दोन्हींची अदलाबदल होऊ नये म्हणून बुचांचे रंग वेगळे, आणि ती पद्धत माझीच. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, हा रक्ताचा दोष आहे. तपकिरी वंशच नाजूक. त्याच रांगेत काळे बघा, मजेत खाताहेत. त्या गप्प बसल्या. शिकलेल्या माणसाला आपलं म्हणणं पटलं की तो गप्प बसतो.

नानांचं वाचून समाधान वाटलं. तू मनाला लावून घेतेस तसं काही नाही. आठवण परत येते म्हणजे सगळीच येते, हवी तेवढीच येत नाही. डोळ्यावर झापड होती ती उतरली. उजेडाची सवय व्हायला वेळ लागणारच.

तुला मी हे कधी सांगितलं नाही, पण इथे एक गोल हौद आहे. त्यात पांढुरकं पाणी आणि आत न दिसणारा चौथरा. म्हातारा उंदीर आधी कडेकडेनं फिरत राहतो, बघवत नाही. पण हे पाणी सुरू केलं की काळा सरळ चौथऱ्यावर. तू एकदा येऊन बघ. तुला माझ्या कामाची कल्पना येईल.

आता मुद्द्याचं. मधल्या पट्टीबद्दल मागच्या पत्रात सविस्तर लिहिलंच आहे, तसं तू करत असशीलच. ती आता अंगवळणी पडली असेल. तेव्हा सोमवारपासून मोठी लाव. भिऊ नकोस. शेवटच्या पायरीशीच खरा फरक दिसतो, आधी नाही.

संस्थेला होकार देऊ नकोस. तुझा स्वभाव मऊ आहे म्हणून बजावतो.

दादा

२१ मार्च

प्रिय दादा,

तू घाबरू नयेस म्हणून आधी लिहिते, नाना आहेत.

तुझं पत्र आलं आणि मी गोंधळले. मधल्या पट्टीचं पत्र मला आलंच नव्हतं. आम्ही लहानवरच होतो. मी पोस्टात जाऊन आले. खिडकीतला म्हणाला, बाई, इकडचं पत्र तिकडे होतं कधीकधी, येईल. ह्यांना म्हटलं, एक पत्र पोस्टानं खाल्लं. हे म्हणाले, मग दादांना विचारून घे. मी विचारलं नाही. मला वाटलं, तू हिशोब करूनच सोमवार लिहिला असशील. मधली चुकली तर चुकली, सोमवार चुकवायला नको. तुझ्या हातून माप चुकतं हे माझ्या डोक्यातच येत नाही. आमच्या कुणाच्याच येत नाही.

सोमवारी सकाळी मोठी लावली. दुपारपर्यंत नाना घामानं भिजले. म्हणाले, चिमे, काहीतरी घाई होतेय आतून. मग ओकले. मी समजले, सवय होतेय. तुझंच वाक्य मनात, की अंगाला सवय व्हावी लागते. मी वारा घालत बसले, दादा. पट्टी काढायची सोडून वारा घालत बसले. मग त्यांचे डोळे फिरले आणि हातपाय ताठ झाले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी पट्टी उपटून फेकली. हृदयाचे ठोके त्यांना मोजता येईनात. मग विचारलं, ही कुणी लावायला सांगितली. मी म्हटलं, माझा भाऊ, संशोधनात आहे. त्या पोरगेल्याशा डॉक्टरांनी ते कागदावर तसंच लिहून घेतलं.

आता घरी आणलंय. उजवी बाजू गेली. बोलणं नाही. पेज भरवते, अर्धी तोंडाबाहेर येते. डोळे मात्र माझ्या मागे मागे फिरतात. कळतं की नाही, ते कुणी सांगत नाही आणि मी विचारत नाही.

ते झोपले तेव्हा मी तुझी पत्रं काढून बसले. तीनदा वाचली. हौदाचं तू जानेवारीत सगळं लिहिलं होतंस. फेब्रुवारीत पुन्हा लिहिलंस, कधी सांगितलं नाही म्हणून. संस्थेला नकार दिल्याचं मी तुला कळवलं होतं, तरी तू बजावतोस. नानाही असेच सुरू झाले होते. पहिल्यांदा ते चुकले नव्हते, फक्त एक गोष्ट दोनदा सांगायचे. आजोबांचंही आई असंच सांगायची.

दादा, मधलं पत्र पोस्टात हरवलं की तू लिहिलंच नाहीस?

तुला दुखवायला विचारत नाही. तू एकटा राहतोस. तुला कोण सांगणार? एकदा डॉक्टरांकडे जाऊन ये. मी येऊ का सोबत?

चिमी

२७ मार्च

चिमे,

तुझं पत्र वाचून हात थरथरला, आणि ते रागानं, आणखी काही नाही.

मधलं पत्र मी लिहिलं. टेबलाशी बसून, निळ्या पेनानं, दोन पानं. मधली पट्टी तीन आठवडे, छातीच्या वरच्या बाजूला लावली तर चालेल, उलटी झाली तर लगेच काढून पुन्हा लहानवर यायचं, सगळं लिहिलं. पाकिटाला जास्तीचं तिकीट लागलं ते अजून जिभेवर आहे. ते पोहोचलं नाही तर तो दोष पोस्टाचा, आणि न विचारता पुढे जाणं हा तुझा. घाम आल्यावर वारा घालत बसणाऱ्या माणसाला मी काय सांगू?

एक गोष्ट दोनदा सांगितली कारण तू पहिल्यांदा नीट वाचत नाहीस.

आजोबांचं नाव ह्यात आणू नकोस. आजोबा बहिरे होते. ऐकू न आल्यानं पुन्हा विचारायचे.

मॅडमनी मला काही दिवस सुट्टी घ्यायला सांगितलंय. चोवीस वर्षांत घेतली नाही तेवढी एकदम. त्यांच्या पोरांना एकेकट्यानं पिंजऱ्यांचे रॅक सांभाळू दे म्हणजे माझी किंमत कळेल.

यायची गरज नाही. नानांकडे बघ.

दादा

४ एप्रिल

प्रिय दादा,

तू लिहिलं असशील. मी भांडत नाही.

वारा घालत बसले ते खरं आहे. ते तू लिहिलं नसतंस तरी माझ्याजवळ होतंच.

त्या दिवशी नानांच्या अंगाला हात लावला तेव्हा ते तापलेले होते. तू त्या पिल्लांबद्दल लिहिलं होतंस ना, उचलताना गरम लागत होती. मला एवढंच विचारायचंय. त्यांना चुकून म्हाताऱ्यांचं कडक पाणी दिलं गेलं असेल, मधल्या पायऱ्या न चढवता, तर ती अशीच पडतील का? तुला माहीत असेल. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. मॅडमना दे.

संस्थेतली खाट दुसऱ्या कुणाला गेली. हे म्हणाले, आता तरी राहू दे, आता काय त्रास देणार आहेत ते. नाना ऐकत होते.

चिमी

१९ एप्रिल

चिमे,

तुझ्या पत्रावर मी बरेच दिवस काही केलं नाही. मग सुट्टी संपायच्या आधीच प्राणिगृहात गेलो आणि मॅडमना तुझा प्रश्न माझाच म्हणून विचारला. त्या म्हणाल्या, हो, अशीच पडतील. आणि काळ्यांची पिल्लं पडणार नाहीत, त्यांना ते सोसतं, म्हणूनच तुमचं म्हणणं इतके दिवस खोडता आलं नाही.

मग त्यांनी मला रिकाम्या रॅकसमोर उभं केलं. लाल बूच कुणाचं, म्हणाल्या. मी म्हटलं, म्हाताऱ्यांचं. बरोबर, म्हणाल्या, आणि चहा मागवला. इकडचं तिकडचं बोललो. त्यांच्या आईचंही असंच काही झालं होतं म्हणाल्या. दुपारी पुन्हा त्याच रॅकसमोर नेलं. लाल बूच कुणाचं. मी म्हटलं, कोवळ्यांचं, हे काय विचारणं झालं? बाजूला उभी असलेली त्यांची विद्यार्थिनी मान खाली घालून रडायला लागली, तेव्हा मला कळलं की मी काहीतरी वेगळं बोललो.

चिमे, दोन्ही वेळा मला सारखीच खात्री होती. हे मला तुला समजावून सांगता येत नाही. चुकलेल्या उत्तराची चव वेगळी असायला हवी की नाही? नव्हती.

दवाखान्यात दाखवून आलो. त्यांनी नाव सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. घराण्यात आणखी कुणाला होतं का, विचारलं. मी नानांचं सांगितलं. आजोबांचंही सांगितलं.

तू विचारलं होतंस, आपण काळ्यांतले कशावरून. कशावरूनच नाही. काळे आणि तपकिरी हे आम्ही केलेत. पिढ्यानपिढ्या सख्ख्या भावाबहिणींची जोडी लावत लावत, शेवटी एकाला चिमटा काढला तर सगळे सारखेच ओरडतील असे. माणसाचं तसं नसतं, हे मी त्या विद्यार्थिनीला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तुला लिहिताना मात्र मला आपलं घर एका पिंजऱ्यात बसलेलं दिसत होतं, आणि बाहेर पाटीवर मी स्वतःच्या हातानं वंश लिहिला.

मधलं पत्र मला अजून आठवतं. निळं पेन, दोन पानं, जिभेवरचं तिकीट. मी ते लिहिलं नाही हे आता मला पटलंय. पण आठवतं ते आठवतंच.

माझ्या दंडावरची पट्टी काढून टाकली. मी तिच्यामुळे लख्ख आहे असं मला वाटत होतं. नुसतीच तरतरी होती.

प्राणिगृहाच्या किल्ल्या दिल्या. माझी राहायची खोली महिनाभर ठेवता येईल म्हणतात, पुढचं पुढे. तू यायचं म्हणालीस, ये. तुझ्या ह्यांना घेऊन ये, एकटी नको. मी नको म्हटलं तरी ये.

नानांपुढे माझं काही वाचून दाखवू नकोस. त्यांचे डोळे फिरतात म्हणालीस, म्हणजे कळत असेल.

आता हे शेवटचं सांगतो, आणि डोकं ठिकाणावर आहे तोवर सांगतो. ह्यापुढे माझं पत्र येईल. अक्षर माझंच असेल, मुद्देसूद असेल, माप दिलेलं असेल, वारही दिलेला असेल. नानांना काय द्यायचं, किती द्यायचं, तुला स्वतःला काही होऊ लागलं तर तू काय घ्यायचं, सगळं असेल. आधी असं लिहिलं होतं असंही त्यात असेल. त्यातलं काहीही करू नकोस. तुझ्या ह्यांना दाखव, डॉक्टरांना दाखव, नाहीतर फाड. आणि मी अडखळत लिहिलं असेल, खाडाखोड असेल, नक्की आठवत नाही असं लिहिलं असेल, तर थोडं थांबून वाच. पण जे पत्र खात्रीनं लिहिलेलं असेल, त्यावर मुळीच विश्वास ठेवू नकोस.

हे पत्र मी खात्रीनं लिहिलंय. म्हणून मॅडमना वाचायला दिलं. त्यांनी खाली सही केली आहे.

दादा